मिठाच्या मैदानाला डोळे असतात

काळा नको घेऊस, देल्फिना.
काळा म्हणजे नुसता काळोख.
काळोख पडला की बाहुली दार सताड उघडते
आणि ऊन चोरपावलांनी आत शिरतं.
माझ्या फाउस्तोनं तीस वर्षं
असलाच एक काळा चष्मा लावून मीठ फोडलं.
आता त्याच्या बुबुळावर
नाकाच्या बाजूनं मांसाचा पडदा सरकत आलाय.
फार नाही, नखभर.
नखभर पुरतं.

आम्ही खाल्ल्या मिठाला जागलो.
मीठ काही जागलं नाही.

थांब, ही बॅटरी बघ, जांभळ्या उजेडाची.
वीसच्या नोटेवर धर : लपलेले धागे चमकले?
आता मध्ये हा गुलाबी आरशाचा चष्मा धर,
तुला आवडलेला.
अजून चमकतायत ना?
मग ठेव तो परत.
लग्नात घाल, फोटोत घाल,
कोल्चानीच्या पुढं पांढऱ्यावर घालून पळू नकोस.

हा बघ, तपकिरी. दिसायला गरीब आहे.
नोट विझली?
झालं तर.

आता लाव, आणि उडी मार.
लाजतेस काय, उयुनीच्या गुरुवारच्या बाजारात
लोक याहून वेडं काहीतरी करतच असतात.
मार उडी. मान हलव, नाही-नाही म्हण,
आईला म्हणतेस तशी.
घसरला? मग नाकापेक्षा मोती जड झाला.
दुसरा लाव.
पापण्या काचेला लागतात का?
लागल्या की दहा पावलांत काच तेलकट होते.
वरून वाऱ्याला फट हवी,
नाहीतर तुझाच श्वास तुला आंधळं करील.
पहाटे पळतेस ना, उणे सातमध्ये?

फेब्रुवारीत मैदानावर बोटभर पाणी साचतं,
खाली आभाळ, वर आभाळ,
पाहुणे फोटो काढतात आणि परत जातात.
तू पळणार.
तेव्हा ही काच पाण्यावरची चकाकी सोलून काढते,
सालीसारखी,
आणि खालची भोकं दिसतात.
आम्ही त्यांना डोळे म्हणतो.
मिठाच्या मैदानालाही डोळे असतात, पोरी,
आणि ते कधीच मिटत नाहीत.
फाउस्तोचा भाचा सायकलसकट एकात गेला होता.
निघाला, पण गुडघा निघाला नाही.

एकशे चाळीस.
माहितेय, नाहीत तुझ्याकडे.
साठ दे, उरलेले शर्यतीनंतर.
शर्यत हरलीस तरी दे.

*

तीन आठवड्यांनी आलीस
आणि काच माझ्यासमोर सदऱ्याच्या टोकानं पुसलीस!
माझ्या अंगावर काटा आला.
मीठ म्हणजे पीठ नव्हे गं,
मीठ म्हणजे हजार बारीक सुऱ्या.
आधी पाणी. नुसतं पाणी, गार.
मग बोटाला साबणाचा एक थेंब,
मग हे मऊ फडकं, आणि हे फडकंही धूत जा.
ट्रकच्या काचेमागं ठेवू नकोस, उन्हानं दांड्या वाकतात.
डोक्यावर ढकलू नकोस, तिथं घाम आणि तेल.
काच खाली करून ठेवू नकोस. कुठंच. कधीच.

ओरखडा? हो, राहील तो.
डाव्या कोपऱ्यात आहे, पळताना दिसणार नाही.
मला दिसेल.

ये, जवळ ये, दोरी बांधते.
लामाच्या लोकरीची आहे, त्यानंच वळली,
आता बोटांनी बघतो तो.
तुझ्या काचांत मी दोनदा दिसते,
दोन म्हाताऱ्या, दोन टोप्या,
मागं खुर्चीत दोन फाउस्तो,
दोघंही मान तिरकी करून ऐकतायत.

काल सांगत होता :
पूर्वेकडून येते ती, उजवा पाय जरा जोरात टाकते,
कुरकुर, कुरकुर,
ट्रकच्या आधी येते.
मी म्हटलं, ट्रक कुठाय, ट्रक बंद पडलाय.

म्हणाला, मग जोरात पळते.